मनूच्या डीबीटीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मनूचं डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, टोकाच्या भावना सांभाळायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) सोमवारी सुरू होतंय. बाबांना वाटतं तशा नुसत्या गप्पा नसतात त्यात. मार्शा लाइनहान यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ही पद्धत घडवली. आठवड्यातून एकदा थेरपिस्टशी तासभर एकटीची भेट आणि दोन-अडीच तासांचा गटवर्ग. वर्गाची एक फेरी साधारण २४ आठवड्यांची, ती बहुधा दोनदा होते. त्यामुळे महिन्याभरात ‘काही फरक?’ विचारू नका.

रोज ती एक कार्ड भरेल: राग, दुःख, लाज किती, स्वतःला इजा करावीशी वाटली का, तेव्हा सावरायला काय वापरून पाहिलं. आई, ते वाचू नकोस. कोणी वाचतंय म्हटल्यावर ती आकडे कमी लिहील, आणि भेटीत आधी काय बोलायचं हे त्या कार्डावरूनच ठरतं.

भावना टोकाला गेली की आधी गार पाणी. मोठ्या पातेल्यात बर्फ घातलेलं, पण १० अंशांपेक्षा गार नको. वाकून, श्वास रोखून, कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग बुडेल असा चेहरा १५ ते ३० सेकंद पाण्यात. नाडी मंदावते. मनूच्या डॉक्टरांनी होकार दिलाय. बाबा, तुम्ही मात्र करून बघू नका, तुमची मेटोप्रोलॉलची गोळी आधीच नाडी मंद ठेवते. परिणाम काही मिनिटंच टिकतो. ती जरा निवली की आपण लगेच ‘आता सांग, काय झालं?’ म्हणतो आणि पुन्हा भडका उडतो. त्या मिनिटांत तिला भराभर जिने चढू-उतरू दे, मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बोलणं त्यानंतर.

‘एवढं काय त्यात!’ हे तेवढं बंद करा. ‘मैत्रिणींनी वगळलं, वाईट वाटणारच’ एवढं म्हटलं तरी पुरे. म्हणजे ताट फेकलं ते बरोबर, असं नाही. आणि ताट फेकल्यावर मागितलेली वस्तू हातात ठेवू नका. नाहीतर फेकणं हाच उपाय म्हणून पक्का होतो. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल, विशेषतः बाबांना.

मरणाची भाषा आली तर पाणी-श्वासाची वाट पाहू नका. तिला एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा आणि थेरपिस्टना फोन करा. त्यांनी नाही उचलला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असतं, मराठीतही बोलतात. दोघांच्याही मोबाइलमध्ये आजच नंबर घाला.

तुमची,
थोरली