पातेलं परत करायचं आहे, चाचा

चाचा, नमस्कार.

मी कोल्हापूरच्या सुतारवाड्यातली. पुरात तुमच्याकडे मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहिलेल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजी आठवतात ना, त्यांची मी सून. घरी येऊन आठ दिवस झाले. भिंती अजून ओल्या आहेत, गाद्या टाकून दिल्या, पोराची दप्तरातली पुस्तकं उन्हात पसरून ठेवली आहेत. पण तुम्हाला लिहिल्याशिवाय चैन पडेना. निघताना तुम्ही समोर आलात आणि माझा गळा असा दाटून आला की तशीच पिशव्या उचलून बाहेर पडले.

आम्हाला पूर नवा नाही. पंचगंगा चढायला लागली की जयंती नाल्याचं पाणी आधी आमच्या दारात येतं. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका म्हणतात, या 2019च्या पुरात ती 55च्या वर गेली. नागपंचमीच्या आदल्या रात्री महापालिकेची माणसं गल्लीत ओरडत आली, चला, दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगमध्ये सोय केलीय. खोटं कशाला बोलू, 'मुस्लिम बोर्डिंग' ऐकून सासूबाई दारातच अडल्या होत्या. मी हाताला धरून आत आणलं.

त्याला कारण 2005चा पूर. तेव्हा एका शाळेच्या खोलीत होतो आम्ही. चातुर्मास होता, आमटीत कांदा-लसूण म्हणून सासूबाईंनी नुसता भात मागितला. वाढणारा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पुरात कसलं सोवळं, मिळतंय ते खा." तिसऱ्या दिवशी तर वर्ग भरवायचेत म्हणून खोली रिकामी करायला लावली, घरात पाणी असताना. आपल्याच धर्माची माणसं होती ती, मग परक्यांकडे काय होईल, ही धास्ती. सासूबाई त्यानंतर कुणाकडे काही मागत नाहीत. या वेळीही सहा दिवस त्यांनी चहा, केळी आणि चिरमुऱ्यांवर काढले. मी काही बोलायला गेले की हात दाबायच्या. फुकटचं खायचं आणि वर मागणं लावायचं, हे त्यांना जमत नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मदत घेऊन येणारे खूप होते, चांगलेही होते. पण पिशवी हातात ठेवून ती सोडायच्या आधी फोटो काढणारेही होते. पिशवीवरही देणाऱ्याचा फोटो.

आणि मग 11 तारखेची सकाळ. श्रावणातली एकादशी. तुम्ही एक झाकलेलं पातेलं घेऊन आलात, सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलंत आणि म्हणालात, "आजी, शाबू आहे. भांडं नवीन आहे, बघा." पातेल्यावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं, किंमतीसकट. ते तुम्ही मुद्दाम काढलं नव्हतंत. आजीला विचारावं लागू नये, तुम्हाला सांगावं लागू नये, म्हणून.

चाचा, मी रोज स्वयंपाक करणारी बाई आहे. शाबू आदल्या रात्री भिजवावा लागतो. म्हणजे तुमच्या डोक्यात ही एकादशी आदल्या दिवसापासून होती. पंपिंग स्टेशन बुडालेलं, अख्ख्या कोल्हापूरचे नळ बंद, टँकरपुढे कळश्यांच्या रांगा, आणि त्या पाण्यातलं तांब्याभर तुम्ही एका म्हातारीच्या उपवासासाठी बाजूला काढलंत. दुसऱ्या दिवशी तुमची बकरी ईद होती. घरी किती कामं असतील! ईदच्या दिवशीही तुम्ही आमच्यातच वाढत होता.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पहिला घास खाल्ला. जिरं, शेंगदाण्याचं कूट, मिरची. "मीठ बरोबर पडलंय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही मोठी दाद असते.

टँकर आणि डॉक्टर महापालिकेचे, जागा तुमची, भाजी चिरायला तालमीची पोरं. शेजारच्या चित्रदुर्ग मठात आमच्याच गल्लीतली निम्मी घरं, तिथेही तसंच. कुणाचं काय ते वेगळं काढता आलं नसतं. शाहू महाराजांनी 1906 साली मुसलमान पोरांच्या शिक्षणासाठी बोर्डिंग काढलं, जैन, लिंगायत पोरांसाठीही काढली. त्या चौकात त्यांच्या पुतळ्यासमोरून मी इतकी वर्षं भाजी घेऊन जाते, पण आत काय आहे हे पाहायला घर बुडावं लागलं. माणुसकी, माणुसकी म्हणतात ती अशी गुपचूप कामाला लागलेली मी पहिल्यांदा जवळून पाहिली. महापालिकेतल्या ज्या कुणी असल्या जागा आणि असली माणसं हाताशी धरली, त्यांचेही आभार मानते. दर पावसाळ्याच्या आधीच असं बोलणं झालेलं असावं, एवढं मात्र त्यांना सांगणं आहे.

निघताना तुम्ही पातेलं आजींना ठेवून घ्यायला सांगितलंत. घरात शिरलो तेव्हा कोरडं असं तेवढंच होतं. पहिला चहा त्यातच केला. सासूबाई ते रोज घासतात, पण स्टिकरला हात लावू देत नाहीत. दुसऱ्याचं भांडं आहे, परत गेलं पाहिजे, असं त्यांचं चाललंय. आणि आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. गणपती बसले की मोदक भरून आणते. त्या दिवशी बोर्डिंगमध्ये असा.

तुमची,
आजींची सून