विनूच्या डोळ्याविषयी

प्रिय सदाशिव,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून पत्र राहून गेले, त्याचा राग धरू नकोस. इकडे सर्व ठीक आहे, आईची साखर आटोक्यात आहे. आज लिहितो आहे ते विनूसाठी, आणि हे तुझ्याखेरीज कोणाला लिहून उपयोग नाही.

त्याचा उजवा डोळा पुन्हा लाल झाला आहे. उजेड सोसवत नाही, म्हणून दिवसाही पडदे ओढून बसतो. डॉक्टरांनी मलाही यंत्रातून दाखवले. बुबुळाचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला ठिकठिकाणी चिकटल्यामुळे बाहुली गोल न राहता दातेरी झाली आहे. हा युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराचा दाह. रक्ततपासणीत एचएलए-बी२७ निघाले, म्हणजे अशा दाहाशी जोडले जाणारे जनुक. सकाळी त्याची कंबर आखडते, तेही याच गोतातले असावे असे ते म्हणाले. आणि आता विनू म्हणतो, मूळ पोटात आहे, तेव्हा स्टिरॉइडचे थेंब बंद करून ताक आणि जिवाणूंच्या पुड्या सुरू करतो.

मूळ पोटात! होस्टेलच्या गच्चीवर याच वाक्यावरून आपण मेस बंद होईपर्यंत भांडायचो, आणि उपाशी झोपल्यावर पोट बिघडल्याचे खापर तू माझ्यावर फोडायचास. म्हणूनच मी या वेळी जे मिळेल ते वाचून काढले. विनूचे म्हणणे पोकळ नाही, हे तुला आनंदाने कळवतो.

२०१५ साली अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कॅस्पी यांच्या गटाने आपोआप युव्हायटिस होणाऱ्या उंदरांवर प्रयोग केले. प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू कमी केले, तेव्हा डोळ्याचा दाह सौम्य झाला. डोळ्याभोवती एरवी कडक पहारा असतो आणि सुस्त टी-पेशींना (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींना) आत वाव नसतो. पण दृष्टिपटलाला शत्रू समजणाऱ्या टी-पेशी आतड्यातल्या जिवाणूंच्या संपर्काने आधीच चेतवल्या गेल्या, तर त्या पहारा ओलांडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. एचएलए-बी२७ चे जनुक घातलेले उंदीर जिवाणूविरहित वातावरणात वाढवले तर त्यांच्या आतड्यांना आणि सांध्यांना सूज येत नाही, हे तर १९९४ मध्येच दिसले होते. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतही युव्हायटिसच्या रुग्णांच्या आतड्यात दाह शमवणारे जिवाणू निरोगी माणसांपेक्षा कमी आढळले.

पण सदाशिव, यातून थेंब बंद करण्याचा सल्ला कुठून निघतो? उंदरांना जिवाणूनाशके दिली होती, पुड्या नव्हेत. आणि रुग्णांमध्ये जिवाणू कमी असल्याने रोग झाला की रोगामुळे आणि औषधांमुळे ते कमी झाले, हे नुसत्या मोजणीवरून ठरत नाही. अमुक जिवाणू पोटात गेल्याने माणसाचा युव्हायटिस थांबतो, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. आग कुठून लागली हे कळले म्हणून जळत्या घरावर पाणी मारायचे थांबवतात का? थेंब हळूहळू कमी करायचे असतात. मध्येच सोडले तर दाह उसळतो, चिकटलेला भाग वाढतो, डोळ्यातला दाब चढून काचबिंदू होऊ शकतो. स्टिरॉइडनेही दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, ही विनूची भीती खरी आहे. पण त्यासाठी दाब तपासत राहायचे असते. त्याचा डोळा जाईल या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

मी सांगितले की तो चिडतो. तू वैद्य आहेस, आणि तू सांगितलेस तर तो सुंठ म्हणून खडूही खाईल. ताक खुशाल पी, आहार तुझ्या मताने ठरव, पण थेंब डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणेच, एवढे तुझ्या तोंडून त्याला ऐकू दे.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले? चिन्मयीला पुण्यात प्रवेश मिळाला का, तेही कळव. विनू रात्री नवानंतर मोकळा असतो. रविवारची वाट न पाहता त्याला फोन कर.

तुझा,
अरविंद