स्थापना १८०५ ची, १९०७ ची नव्हे

महोदय,

लंडनच्या ‘रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन’ या डॉक्टरांच्या विद्वत्सभेविषयी लिहिताना तिचे स्थापनावर्ष १९०७ असे देण्याचा प्रघात पडला आहे. हे नाव त्या वर्षी मिळाले हे खरे. परंतु प्रत्यक्षात झाले ते एका जुन्या संस्थेत विशेष शाखांच्या डझनाहून अधिक संस्थांचे विलीनीकरण. ही जुनी संस्था १८०५ मध्ये जन्माला आली आणि तिच्या जन्माला एक भांडण कारणीभूत होते. ते गाळले तर संस्थेचा स्वभावच कळत नाही, म्हणून हे पत्र.

जॉन कोकली लेटसम यांनी १७७३ मध्ये ‘मेडिकल सोसायटी ऑफ लंडन’ स्थापन केली, तेव्हा फिजिशियन, सर्जन आणि औषधे तयार करून देणारे अपॉथेकरी या तिघांना त्यांनी एकत्र बसवले. फिजिशियन सर्जनला बरोबरीचा मानत नसे अशा काळात हे मोठेच धाडस होते. पुढे १७८६ मध्ये जेम्स सिम्स अध्यक्षपदी आले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावरच राहिले. त्यांच्या एकहाती कारभाराला कंटाळून जॉन येलोली, अलेक्झांडर मार्सेट यांच्यासारखे डॉक्टर बाहेर पडले आणि त्यांनी १८०५ मध्ये ‘मेडिकल अँड कायरर्जिकल (म्हणजे शल्यक्रियेची) सोसायटी’ काढली; वर म्हटलेली जुनी संस्था ती हीच. तिथे अध्यक्ष दोन-तीन वर्षांत बदलत राहिले. १८३४ मध्ये तिला राजसनदही मिळाली.

माझ्या मते मात्र या संस्थेचे खरे मोठेपण सनदेपेक्षा तिच्या एका सवयीत आहे : सभेत निबंध वाचायचा, त्यावर चर्चा करायची आणि तो खंडांत छापून ठेवायचा. जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचे रक्त माणसाला देण्याच्या आपल्या प्रयत्नाची हकीकत याच सभेपुढे मांडली. टॉमस हॉजकिन यांचे उदाहरण तर मला फारच मोलाचे वाटते. लंडनच्या गाइज रुग्णालयाच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या हॉजकिन यांनी लसिका ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या मोजक्या रुग्णांचा अभ्यास केला होता. ते संस्थेचे सभासद नव्हते; तरीही १८३२ च्या जानेवारीत चिटणिसांनी त्यांचा निबंध सभेत वाचला आणि तो त्याच वर्षी छापलाही गेला. त्या वेळी त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे १८५६ मध्ये त्याच रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी स्वतंत्रपणे हाच आजार वर्णन केला. परंतु हॉजकिन यांचा निबंध आधीच छापलेला आहे हे कळल्यावर त्यांनी पहिलेपणाचा मान निःसंकोचपणे त्यांना देऊन टाकला आणि १८६५ मध्ये त्या आजाराला, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाला, ‘हॉजकिनचा आजार’ असे नाव दिले. हॉजकिन तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी जाफा (आजच्या इस्रायलमधील बंदर) येथे त्यांचे निधन झाले.

— एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक