मुका खांब आणि दोन इंग्रज्या

नागपूर,
हरतालिका, रात्री

प्रिय चिमे,

आज उपास. शेजारच्या सुना जागरणाला बोलावून गेल्या, आणि मी मात्र कागद-पेन घेऊन बसले. कारण तुझा सकाळचा फोन. "दुपट्याच्या साखळ्या घालून झाल्या, उद्यापासून ओळी सुरू करते," म्हणालीस आणि माझ्या पोटात धस्स झालं. सांगायला तोंड उघडलं तर तुझ्याकडे बेल वाजली, पाहुणे आले, फोन बंद. तेव्हा मुलाच्या हातून या पत्राचे फोटो तुला आज रात्रीच पाठवते आहे. ते वाचून होईपर्यंत सुई खाली ठेव.

आषाढात तू मला क्रोशाच्या विणकामाचे, टाक्यांच्या इंग्रजी सूचनांचे दोन कागद पाठवले होतेस. खेळण्यातल्या गाईचा पूर्ण, आणि दुपट्याचं नुसतं पहिलं पान. त्या गाईवरून मी नातवासाठी तान्ह्या पोळ्याचा बैल करायला घेतला. गाईचा बैल करायला लागतं काय? शिंगं जरा मोठी, पाठीवर वशिंड, अंगावर झूल. चार वर्षांचं पोट्टं, त्याला लाकडी नंदी ओढवत नाही. म्हटलं लोकरीचा करू, काखेत मारून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरेल. इतवारीतून पांढऱ्या लोकरीचे तीन गोळे आणले. (लोकर कसली, ॲक्रिलिक. पण आपल्याकडे गोळ्यात आलं की सगळं लोकरच.)

कागदावर लिहिलं होतं: पहिल्या फेरीत ६ डीसी, दुसरीत १२, तिसरीत १८. डीसी म्हणजे डबल क्रोशे, डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, हे मला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी पाठ करून दिलेलं. मी आपली खांब घालत सुटले. नाकापासून सुरुवात होती. ते चपटं गोल यायला हवं होतं, आलं नरसाळ्यासारखं. तरी मी ताठ. म्हटलं, बैलाचं तोंड लांबच असतं. डोकं झालं तेव्हा ते बैलाचं कमी आणि मुंगूसाचं जास्त दिसत होतं. कापूस भरला तर प्रत्येक दोन खांबांच्या फटीतून तो बाहेर. पांढऱ्या अंगावर पांढरा कापूस म्हणून दुरून खपला असता, पण जवळून पाहिलं की बैलाला कोंडा झालाय.

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. ऐंशी पार केलेल्या, इंग्रजी वाचत नाहीत, चष्मा कपाळावर. बैल हातात घेतला, बोटाने दाबला आणि म्हणाल्या, "काऊन गं, ह्याचा कापूस असा डोकावून राहिला? खेळणं मुक्या खांबाचं असते. तू खांब घालून राहिलीस."

"काकू, कागदावर तसंच लिहिलंय."

"कागदाचं कागदापाशी. फोटो पाय ना."

फोटोत खरंच घट्ट, दाण्यासारखी वीण होती. फट नावाला नाही. आणि मग मला तो शब्द दिसला, जो मी इतके दिवस डोळ्यांआड केला होता. कानांच्या सूचनेत एचटीआर लिहिलं होतं. हाफ ट्रेबल. अमेरिकन कागदात हाफ ट्रेबल सहसा नसतो, तिथे त्याला हाफ डबल म्हणतात, एचडीसी. कागद ब्रिटिश होता. आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, खांबाहून बुटका आणि घट्ट टाका.

इथे मला दोन दिवस डोकं धरून बसावं लागलं, चिमे, पण कळलं तेव्हा इतकी मजा वाटली की तुला सविस्तर सांगणारच.

आपला साधा खांब घे. सुईवर एक वेढा घेतला, सुई घरात घातली, दोरा ओढून घेतला. आता सुईवर टाके किती? तीन. इंग्रजांनी हे तीन मोजले आणि नाव ठेवलं ट्रेबल, म्हणजे तिहेरी. पुढे काय करतेस? दोरा घेऊन दोन टाके काढतेस, पुन्हा दोरा घेऊन उरलेले दोन काढतेस. दोनदा काढलं. अमेरिकनांनी हे मोजलं आणि नाव ठेवलं डबल. आणि आपण? आपण सुरुवातीचा वेढा मोजतो. एक वेढ्याचा खांब. टाका तोच, दोरा तोच, हात तुझाच. इंग्रज त्याला तीन म्हणतो, अमेरिकन दोन म्हणतो आणि आपण एक.

मुक्या खांबाला हेच लाव. वेढा नाही. दोरा ओढून घेतला की सुईवर दोन टाके, म्हणून ब्रिटिश डबल. एकदाच काढायचं, म्हणून अमेरिकन सिंगल. आणि वेढा शून्य, म्हणून तो बिचारा मुका! (मुका का म्हणतात हे काकूंनाही विचारलं. "बोलत नाही म्हणून," म्हणाल्या. माझा अर्थ मला जास्त आवडतो.)

तसंच वर चढत जा. दोन वेढ्यांचा खांब ब्रिटिश कागदात डबल ट्रेबल, अमेरिकन कागदात नुसता ट्रेबल. म्हणजे डबल आणि ट्रेबल हे दोन्ही शब्द दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे वेगळ्या टाक्याला आहेत. घोळ होतो तो इथे. नावं सरसकट वेगळी असती तर माणूस थांबून विचारतो. पानावर ओळखीचा शब्द दिसला की कोण विचारतं?

ब्रिटिशांकडे सिंगल गेला कुठे, हा प्रश्न तुला पडेल म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या पुस्तकांत सिंगल क्रोशे होता, पण ते नाव होतं आपण ज्याला आज स्लिप स्टिच म्हणतो त्या अगदी बुटक्या, नुसत्या जोडायच्या टाक्याचं. पुढे स्लिप स्टिच हेच नाव रुळलं आणि सिंगलची जागा रिकामी राहिली. जिन्याची पहिली पायरी काढून घेतली, वरच्यांचे नंबर तसेच ठेवले. ऑस्ट्रेलियातही हीच ब्रिटिश नावं चालतात, हेही ध्यानात ठेव.

माझा बैल नरसाळं का झाला तेही याच हिशेबात बसतं. खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच. फेरी उंच झाली की घेर झपाट्याने वाढायला हवा. मुक्या खांबाचं गोल ६ ने सुरू करून दर फेरीला ६ वाढवले की सपाट बसतं. खांबाचं करायचं तर साधारण १२ ने सुरुवात आणि दर फेरीला १२. मी उंची खांबाची घेतली आणि वाढ मुक्या खांबाची. ताटाऐवजी शंकू होणारच.

आता एक गंमत. तक्त्यातल्या खुणा आठवतात ना, आपण शाळेत असताना जुन्या मासिकांतून कापून ठेवायचो? साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला इंग्रजी टी आणि त्याच्या दांड्यावर तिरपी रेघ. ती रेघ म्हणजे वेढा! एक वेढा एक रेघ, दोन वेढे दोन रेघा. अर्ध्या खांबाच्या टीवर रेघच नाही. त्यालाही वेढा असतो खरा, पण सुईवरचे तिन्ही टाके एकदमच काढतो, त्यामुळे तो या हिशेबात थोडा चोरटा आहे. ते सोडलं तर खुणांचा तक्ता आपल्या आज्यांसारखाच मोजतो. माझी भाची जर्मनीत असते, तिला विचारलं. तिथे खांबाला श्टेबशेन म्हणतात, म्हणजे छोटी काठी. मुक्या खांबाला फेस्टे माशे, म्हणजे घट्ट टाका. आणि दोन वेढ्यांचा तो डोपेलश्टेबशेन, दुहेरी काठी. ऐकून मला इतकं बरं वाटलं! आपल्या काकू आणि तिकडच्या आज्या शेजारी बसल्या तर भाषेवाचून त्यांचं जमेल. दोन इंग्रजीवाल्यांना मात्र मध्ये दुभाषी लागेल.

बरं, आता तुझं दुपटं. मुद्द्याचं हेच.

तू म्हणालीस, दोन्ही कागद एकाच जागचे आहेत. त्यावर भरवसा ठेवू नकोस. विकणारा एक असतो, लिहिणाऱ्या बायका दहा देशांतल्या. लिहिणारी इंग्लंडची असली तरी पुष्कळदा अमेरिकन नावं वापरते, कारण गिऱ्हाईक तिकडे जास्त. त्यामुळे बाईचं गाव पाहू नकोस, शब्द पाहा. कुठेही एससी, म्हणजे सिंगल क्रोशे, दिसलं की कागद अमेरिकन. एचटीआर दिसलं की बहुधा ब्रिटिश. घर सोडायला स्किप लिहिलं असेल तर बहुतेक अमेरिकन, मिस लिहिलं असेल तर ब्रिटिश. (मी आधी "मिस २" वाचून कोणी कुमारिका समजले होते.) विणीच्या मापाला अमेरिकन गेज म्हणतात आणि ब्रिटिश टेन्शन. आपल्याला दोन्हीचं येतं.

आणि नुसतं डीसी न् टीआर (ट्रेबल) असेल, बाकी काही खूण नसेल, तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या मोज. पलटून ३ साखळ्या घालायला सांगून पुढे डीसी म्हणत असेल तर तो खांब, कागद अमेरिकन. १ साखळी सांगून डीसी म्हणत असेल तर मुका खांब, कागद ब्रिटिश. साखळी टाक्याच्या उंचीइतकी असते, ती खोटं बोलत नाही. माझ्या बैलात ही खूण मिळालीच नाही, कारण तो न पलटता गोल गोल फिरत जातो. तुझं दुपटं ओळींचं आहे, तुला मिळेल.

दुसरी गोष्ट सुईची. त्या पहिल्या पानावर सुई लिहिली आहे एच-८. आणि तू फोनवर म्हणालीस की आईची जुनी ८ नंबरची सुई सापडली, शुभशकुन झाला. शकुन राहू दे बाजूला. आईची सुई जुन्या ब्रिटिश मापाची, त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन एच-८ म्हणजे ५ मिलिमीटर. ब्रिटिश ६ नंबर म्हणजे ५, आणि अमेरिकन जी-६ म्हणजे ४. अगदी फुगडी घातल्यासारखे हात उलटे! जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मापात जाड होते. त्यातही बारीक दोऱ्याच्या स्टीलच्या सुयांना अमेरिकेतही नंबर वाढेल तशी सुई बारीक, म्हणजे बघ. तू नंबर विसर, मिलिमीटर पाहा. आईच्या सुईने केलंस तर दुपटं आखूड, घट्ट होईल आणि बाळाच्या पायापाशी संपेल. आईची सुई बाळाच्या टोपीला वापर, तिलाही बरं वाटेल.

एच-८ वरून मला वाटतं तुझा कागद अमेरिकन असावा. पण वाटण्यावर मी एक बैल गमावला आहे. दहा-बारा टाक्यांचा चौकोन करून बघ, फोटोशी ताडून बघ, मग पुढे जा. आपण दोघी नमुना न करता थेट मोठं काम हाती घेणाऱ्या, मला माहीत आहे. या वेळी माझ्यासाठी कर.

बैलाचं पुढे काय झालं ते राहिलंच. पोळ्याच्या चार दिवस आधी सगळा उसवला. काकू गोळा करत बसल्या, मी उसवत बसले, आणि त्यांनी मला त्यांच्या लग्नाआधी केलेल्या रुमालांची, तोरणांची सगळी कथा ऐकवली. मग रोज रात्री मुके खांब. पोळ्याच्या रात्री साडेअकराला वशिंड बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महालात नणंदेकडे गेलो होतो, गल्लीतून मारबत, इडापिडा घेऊन जाणारा तो पुतळा, चालली होती, लोक ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" पोट्ट्यानेही हात वर केले. मी त्यांच्यात माझा आवाज मिसळला, "दोन इंग्रज्या घेऊन जा गे मारबत!" नणंद बघतच राहिली. संध्याकाळी बैल सहा घरी फिरला, चाळीस रुपये, दोन चॉकलेटं आणि एक संत्रा बर्फी कमावून आला. आता सोफ्याच्या पायाला बांधलेला आहे, समोर वाटीत पाणी ठेवलं आहे.

सूनबाईला जप. सातवा लागला ना? तुझ्या कागदाची तिसरी ओळ जशीच्या तशी फोटो काढून पाठव, साखळ्यांसकट. काकूंना दाखवते.

तुझीच,
बबी

ता. क. पहिल्या, चुकलेल्या बैलाची शेपटी मात्र उसवली नाही, तीच नव्याला लावली. नुसती साखळीच होती, आणि साखळी दोन्हीकडे साखळीच असते.