डोळे तपासले, कान तपासले. जुळणी कोण तपासणार?

महोदय,

ज्येष्ठांच्या आरोग्यावर लिहिताना ‘वयानुसार इंद्रिये मंदावतात’ हे वाक्य हमखास येते. ते खरे असले तरी अर्धेच आहे. डोळे, कान, तळपाय यांच्याकडून आलेली खबर मेंदू एकत्र बांधतो आणि वयानुसार बदलते ती ही बांधणीसुद्धा. ती कमी होते असा समज आहे. प्रत्यक्षात म्हातारा मेंदू जास्त बांधतो. जे एकत्र यायला नको तेही बांधून टाकतो.

दूरवर कोणी हातोडा मारला की घाव आधी दिसतो, ठोका मागून येतो. ३४ मीटरवर हा उशीर सुमारे १०० मिलिसेकंदांचा असतो, तरी दोन्ही एकच घटना वाटतात. मेंदूने दिलेल्या या सवलतीला आपण जुळणीची खिडकी म्हणू. वय वाढते तशी ती रुंदावते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पडद्यावर प्रकाश एकदाच चमकवून सोबत दोन ‘बीप’ वाजवले, तर पाहणाऱ्यांना दोनदा चमकल्याचा भास झाला. तरुणांत दोन बीपमधले अंतर १०० मिलिसेकंदांच्या बरेच पुढे गेले की हा भास ओसरतो. वृद्धांत तो २०० च्या पुढेही रेंगाळतो, आणि ज्यांना वरचेवर पडण्याचा त्रास आहे त्यांच्यात अधिकच.

पडण्याशी याचा संबंध काय? तोल तीन खबरींवर उभा असतो: नजर, अंतःकर्णातल्या नलिका आणि तळपाय-सांध्यांची जाणीव. ज्या क्षणी जी खबर खात्रीची, तिला मेंदू जास्त वजन देतो. वयानुसार तळपाय बधिर होतात, म्हणून वजन नजरेकडे झुकते. आणि उजेड गेला की ते पुन्हा वाटून घ्यायला जास्त वेळ लागतो. रात्री अंथरुणातून उठून अंधारात, तेही मऊ पायपुसण्यावर पाय टाकणे म्हणजे तीनपैकी दोन खबरी एकदम काढून घेणे. दिवा स्वच्छतागृहात हवा त्यापेक्षा अंथरुणापासून तिथपर्यंतच्या वाटेवर हवा, आणि गुडघ्याच्या खाली, म्हणजे उंबरठ्याची सावली दिसते. चालताना प्रश्नही विचारू नयेत. बोलायला लागल्यावर ज्या वृद्धांची पावले थांबतात ते पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडतात, असे १९९७ च्या एका स्वीडिश पाहणीत आढळले होते.

चष्म्याचीही गंमत आहे. बायफोकलचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो, पण जिना उतरताना पायरी दिसते ती त्याच भागातून, आणि धूसर. नियमित बाहेर पडणाऱ्यांनी जिन्यासाठी व रस्त्यासाठी फक्त लांबचा साधा चष्मा ठेवावा. क्वचितच बाहेर जाणाऱ्यांना मात्र हा बदल उलटाही पडू शकतो, तेव्हा सरसकट सल्ला देऊ नये.

हीच बांधणी संभाषणात मोठा आधार ठरते. आरशासमोर ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ म्हणून पाहा: ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. यांतला फरक बराचसा खालच्या वारंवारितेत असतो, तो वयस्क कानालाही सापडतो. याउलट ‘पान’ आणि ‘तान’ यांतला फरक क्षणभराच्या, बराचसा वरच्या वारंवारितेतल्या आवाजात असतो. कान कमी पडतो तो नेमका तिथे, पण ओठ मिटले की नाही ते दिसते. गोंगाट जितका जास्त तितका चेहरा पाहण्याचा फायदा मोठा, हे १९५४ पासून माहीत आहे. म्हणून बोलणाऱ्याने मीटर-दीड मीटरवर समोर बसावे, उजेड त्याच्या तोंडावर पडावा; खिडकीला पाठ केली की चेहरा काळा पडतो. टीव्हीचा आवाज नुसता कमी करू नये, टीव्ही बंदच करावा, कारण नको असलेला आवाज बाजूला सारणे हेच या वयात अवघड जाते. ओरडूही नये. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजने तिथेच राहतात आणि तोंडाचा आकार बिघडतो.

टीव्हीबाबत एक चूक सर्रास होते. आवाज चित्रापेक्षा साधारण ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की तो फरक जाणवू लागतो. बिनतारी स्पीकर सहज त्याहून मागे पडू शकतो. जुळणीची खिडकी रुंदावल्यामुळे ज्येष्ठांकडून ‘ओठ जुळत नाहीत’ अशी तक्रार येईलच असे नाही. वृत्तनिवेदकाच्या ‘प’, ‘ब’, ‘म’ वर लक्ष ठेवा. ओठ उघडणे आणि आवाज एकाच वेळी यायला हवा. सेटिंगमधला ‘ऑडिओ डिले’ बहुतेक संचांत आवाजाला फक्त मागे ढकलतो. आवाज आधीच उशिरा येत असेल तर तो आकडा वाढवून गोंधळ वाढतो. शून्यावर आणून स्पीकर तारेने जोडावा.

आमचा आक्षेप तपासणीच्या रीतीवर आहे. नेहमीची श्रवणचाचणी बंद खोलीत शुद्ध स्वर वाजवून होते. तिथे गोंगाट नाही, समोर चेहरा नाही. दृष्टी तपासतात खुर्चीत बसवून. दोन्ही अहवाल ‘वयाच्या मानाने ठीक’ येतात आणि माणूस जिन्यात पडतो. गोंगाटातील शब्दचाचणी एकदा चेहरा दाखवून, एकदा झाकून घ्यावी. आणि पाय जुळवून ३० सेकंद उभे राहणे आधी डोळे उघडे, मग मिटून तपासावे, तेही शेजारी हात धरायला माणूस उभा असतानाच. याला महागडे यंत्र लागत नाही.

— श्रवण व तोल या विषयांत काम करणारे दोन वाचक