गसेट कुठे संपतो ते पाहा

महोदय,

रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातल्या आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या शेडमध्ये ऑफ-रोड गाड्यांच्या फ्रेम बनवून घ्यायला लोक येतात. कोणी जुन्या जीपची चासी लांबवून घेतो, कोणी अख्खी पाइपची फ्रेम उभी करतो, तर बाहा या ऑफ-रोड गाड्या बनवण्याच्या स्पर्धेत उतरणारी कॉलेजची मुले रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपचा पिंजरा) घेऊन येतात. सगळ्यांचे सांगणे एकच : ‘जॉइंट जाड भरा, वर पट्टी मारा, तुटायला नको.’ पुढे तडा जातो तो बरेचदा त्या पट्टीपासूनच, म्हणजे कोपऱ्याला आधार म्हणून मारलेल्या गसेटच्या टोकापासूनच, म्हणून हे पत्र.

नीट मारलेल्या वेल्डचा भरणा सहसा तुटत नाही. तुटतो त्याच्या कडेचा पाइप, वेल्डपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर. तिथले पोलाद वितळलेले नसते, पण तापल्यामुळे त्याचे कण मोठे झालेले असतात. त्यातच कडेला अंडरकटची (वेल्ड करताना पाइप वितळून न भरलेली) खाच राहिली की गाडी आदळेल तेव्हा सगळा ताण त्या खाचेत गोळा होतो. वर वेल्डचा दुसरा-तिसरा रन (ओळ) चढवून ही कड सुधारत नाही, उलट आणखी तापते आणि फ्रेम ओढली जाते. पाइपच्या जाडीइतका किंवा किंचित जास्त लेग (वेल्डच्या बाजूची रुंदी) असलेला एक स्वच्छ रन पुरतो. तो दिसायला गुळगुळीत हवा म्हणून ग्राइंडरने सपाट करणाऱ्यांचे हात मात्र धरावेत. त्यात वेल्डची जाडीच निघून जाते.

निम्मे काम मशीन सुरू करण्याआधीचे असते. पाइपच्या तोंडाला होल सॉने फिशमाउथ काप (दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर बसणारा) घ्यावा, गोल कानशीने बसवावा, फट १ मिमीच्या आत ठेवावी. मोठी फट भरणा टाकून बुजवली तर माल वरवर बसतो, मुळापर्यंत जात नाही. गंज, रंग, तेल जॉइंटपासून किमान २५ मिमीपर्यंत घासून काढावे. चार बाजूंनी टॅक (पकडीपुरते छोटे ठिपके) मारून मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने जोडाव्यात. सीओटू किंवा आर्गनवर काम चालू असताना शेजारचा पंखा बंद ठेवावा. गॅस उडाला की वेल्डमध्ये छिद्रे पडतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर फ्रेमला वापरूच नये. जस्तामुळे वेल्ड सच्छिद्र होतो आणि तो धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

आता गसेट. ही त्रिकोणी प्लेट साधारण पाइपच्या भिंतीइतकीच जाड असावी. ३ मिमीच्या पाइपवर ८ मिमीची प्लेट मारली की कोपरा दगडासारखा ताठ होतो. मग सगळा वाक प्लेट जिथे संपते त्या एका रेषेवर येतो आणि तडा तिथूनच पाइप आडवा कापत जातो. म्हणून टोके निमुळती करावीत, रनच्या शेवटचा खड्डा टोकावर उघडा सोडू नये, भरून घ्यावा. त्रिकोणाचा आतला कोपरा १०-१२ मिमी उडवावा, म्हणजे गसेटचा वेल्ड मूळ जॉइंटच्या वेल्डवर चढत नाही. एकच सपाट प्लेट पाइपच्या मधोमध उभी केली तर ती पाइपच्या भिंतीला सुरीसारखी रेटते. त्यापेक्षा पत्रा यू आकारात वाकवून केलेला गसेट पाइपचे दोन्ही गाल धरतो आणि भार पसरवतो. शॉकअॅब्झॉर्बरच्या माउंटजवळ तर असाच गसेट हवा.

जीपच्या चासीचेही तसेच. सरळ उभा काप घेऊन वर चौकोनी पट्टी मारली की तापलेली कमजोर जागा अख्ख्या चासीभर एकाच ओळीत येते. काप तिरका घ्यावा, पट्टी हिऱ्याच्या आकाराची असावी. पाइप लांबवताना आत स्लीव्ह (आतून बसणारी नळी) घालावी : जोडाच्या प्रत्येक बाजूला लांबी पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट, जाडी पाइपइतकी, आणि दोन्ही बाजूंना भोके पाडून प्लग वेल्ड (भोकातून भरलेला वेल्ड). (नोंदणी झालेल्या गाडीची चासी बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या आड येते, हे खर्च करण्याआधी समजून घ्यावे.)

मालाबद्दल थोडे. बाहाच्या नियमांत मुख्य पाइपसाठी २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन हे मूळ माप आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पाइप घेताना मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे. ४१३० क्रोमोलीत (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादात) कार्बन सुमारे ०.३ टक्के असतो. घाईत गरम जॉइंटवर पाणी ओतले तर त्याची कड काचेसारखी ठिसूळ होते. तो आपोआप थंड होऊ द्यावा, पंखाही लावू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातली ७०१८ ही वेल्डिंगची रॉड थेट होल्डरला लावू नये. ती आधी ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यावी, नाहीतर ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि त्याचा तडा कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतो. म्हणून गाडी रात्री जोडून सकाळी चाचणीला नेऊ नये. ४८ तास थांबून डाय पेनिट्रंटने (बारीक तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) प्रत्येक जॉइंट तपासावा.

आमची मागणी साधी आहे. बाहाच्या नियमांत टीमला वेल्डिंगचे नमुने दाखवावे लागतात : ९० अंशांचा एक जॉइंट तुटेपर्यंत ओढायचा आणि ३० अंशांचा दुसरा उभा कापायचा. शेडमालकांनी प्रत्येक ग्राहकासाठी हेच करावे, ग्राहकांनीही मागावे. नमुना त्याच पाइपचा, त्याच वेल्डरच्या हातचा असावा. फूट-दीड फूट पाइप आणि तासभर वेळ लागतो. ओढलेला नमुना वेल्डच्या बाहेर, पाइपमध्ये तुटला पाहिजे. कापलेल्या नमुन्यात वेल्ड दोन्ही पाइपांत सारखा शिरलेला दिसला पाहिजे. मध्ये काळी रेघ दिसली तर ती न वितळलेली फट असते. मग अँपिअर आणि फिटिंग तपासून नवा नमुना कापावा, फ्रेमला तोवर हात लावू नये.

– एक वेल्डिंग सुपरवायझर, ऐरोली, नवी मुंबई