‘नाही’ म्हणणाऱ्या आईजवळ बसायला शिकवणाऱ्या अंगणवाडी ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पाड्यावरचा महिना संपवून मी घरी परतले, त्याला या जानेवारीत सात वर्षे झाली. मध्यंतरी आपले फोनवर बोलणे होत राहिले, परंतु माझे आजचे सगळे काम तुम्ही शिकवलेल्या एका गोष्टीवर उभे आहे, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितले नाही. ते आज जाहीरपणे लिहिते आहे, कारण समाजकार्याच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या आपल्या खानदेशातल्या मुलामुलींनीही ते वाचावे, असे मला मनापासून वाटते. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्या कुटुंबाविषयी लिहिणार आहे त्याची ओळखही उघड व्हायला नको.

मी अमळनेर तालुक्यातली. साने गुरुजींनी जिथे शिकवले त्या गावाच्या परिसरात सेवेविषयी आदर पुष्कळ आहे. परंतु कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीने पदवीनंतर दोन वर्षे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण, करायचे आणि त्यावरच पोट भरायचे, ही कल्पना आमच्या घरात कोणालाच रुचली नव्हती. डी.एड. कर, बँकेच्या परीक्षा दे, असे सगळे सांगत होते. मी हट्टाने प्रवेश घेतला. व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे शब्द पाठ केले, आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य केले आणि दुसऱ्या वर्षी सलग महिनाभराच्या क्षेत्रकार्यासाठी अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पुढे तुमच्या पाड्यावर आले, तेव्हा मला बरेच काही येते अशी माझी समजूत होती.

त्या वेळी दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गेलेला होता. घरे एकमेकांपासून लांब, प्रत्येक टेकडीवर एखाद-दुसरे. त्या चढ-उतारांवरून तुम्ही वजनकाटा आणि दंडघेराची पट्टी घेऊन घरोघर जात होता, आणि पहिल्या दोन दिवसांतच माझे पाय भरून आले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते बालक तीव्र कुपोषित, हे मी पुस्तकात वाचले होते. चौदा महिन्यांच्या त्या मुलीच्या दंडाला पट्टी लावली, तेव्हा ती लाल भागात थांबली. तिला तापही होता आणि ती काही खात नव्हती. खाणारी आणि दुसरा आजार नसलेली मुले गावातल्या बाल विकास केंद्रात सुधारतात, पण अशा मुलीला दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रातच न्यावे लागते, म्हणजे आईलाही साधारण चौदा दिवस तिथे राहावे लागते. मी तिच्या आईला हे सांगितले. तिने मान हलवून नकार दिला. मी आवाज चढवला, मुलीच्या जिवाचे भय घातले, आणि ती आत निघून गेली. संध्याकाळी मी माझ्या नोंदवहीत लिहिले, ‘माता सहकार्य करत नाही.’

तुम्ही ते वाक्य वाचलेत. रागावला नाहीत. एवढेच विचारलेत, “ती नाही म्हणाली, ते कशाला नाही म्हणाली?” मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पुन्हा तिच्या घरी नेलेत, आणि वाटेत बजावलेत की आज मी दवाखान्याचे नाव काढायचे नाही. आपण अंगणात तिच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत बसलो. तास-दीड तास तुम्ही भिलीत तिच्याशी पिकाचे, बकऱ्यांचे, ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याचे बोलत होता. मी अहिराणी बोलणारी, त्यामुळे अधूनमधून एखादा शब्द कळत होता, बाकी तुम्ही परतीच्या वाटेवर सांगितलेत. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत तो येऊ शकत नव्हता. सात वर्षांची थोरली मुलगी आणि चार बकऱ्या कोणाच्या भरवशावर सोडायच्या, हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न होता. दुसरा त्याहून जड होता: आधीचे एक मूल तिने दवाखान्यात गमावले होते, आणि त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, ते तिला तिच्या भाषेत कोणीच सांगितले नव्हते. एवढे सगळे त्या एका नकारात होते आणि मी त्यावर चार शब्दांचा शेरा मारून मोकळी झाले होते.

पुढचे दोन दिवस तुम्ही जे केलेत, ते मी आजही नवख्या विद्यार्थ्यांना सविस्तर सांगते, कारण समाजकार्य म्हणजे काय हे मला तिथे दिसले. थोरल्या मुलीची सोय तिच्या मावशीकडे केलीत. बकऱ्या शेजारच्या आजोबांनी सांभाळायच्या आणि त्या बदल्यात दूध त्यांनी घ्यायचे, असे ठरवून दिलेत. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, हे आशाताईंकडून, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेकडून, तिला दोनदा समजावून सांगितलेत आणि बँकेचे पासबुक सोबत घ्यायला लावलेत. शेवटी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर गेलात आणि पहिले दोन दिवस तिथेच थांबून डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य भिलीत सांगत राहिलात. त्या दोन दिवसांचा प्रवासभत्ता तुम्हाला कोणी दिला नाही, हे मला पुष्कळ नंतर कळले. चौदाव्या दिवशी मुलीचे वजन पाच किलो नऊशे ग्रॅमवरून सहा किलो आठशेवर गेले होते. मी नोंदवहीतले ते वाक्य खोडले आणि त्याच्या जागी तिच्या नकाराची कारणे लिहिली. ती दोन पाने भरली.

ताई, दुसरे ऋण माझ्या घरातले आहे. महिना संपताना वडील मला न्यायला आले होते, ते मनाशी ठरवूनच: शिक्षण अर्धवट राहिले तरी चालेल, पण पोरीला परत डोंगरात पाठवायचे नाही. मी त्यांच्याशी वाद घालणार होते. तुम्ही मला पाणी आणायला पाठवलेत आणि तुम्ही दोघे ओट्यावर बसलात. तुम्ही त्यांना माझ्या कामाची थोरवी सांगितली नाही; त्यांना भीती कशाची वाटते, एवढेच विचारलेत. “मनी पोर तठे एकली कशी ऱ्हाई?” हे त्यांचे उत्तर मी हंडा घेऊन परत येताना ऐकले, आणि आजवर मला जो विरोध वाटत होता ती काळजी होती, हे मला त्या क्षणी समजले. राहायची जागा कोणती, रात्री-अपरात्री मदतीला कोण, पगार किती आणि वेळेवर मिळतो का, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ते विचारावेत, असे माझे मत आहे. कंत्राटी नेमणुका, अकरा महिन्यांचे आदेश, रखडणारे मानधन हे सगळे खरे आहे. ते घरच्यांपासून लपवून कोणी या कामात येऊ नये, आणि त्यागाच्या नावाखाली त्याचे समर्थनही करू नये.

हे लिहिताना तुमचीच आठवण होते. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिला अर्धे शतक झाले, तरी ती जिच्या खांद्यावर चालते ती सेविका कागदोपत्री ‘मानसेवी’ आहे आणि तिला वेतनाऐवजी मानधन मिळते. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 मध्ये निकाल देऊन सांगावे लागले. मी दोन वर्षे शिकून जी पदवी मिळवली, तिच्यातला सर्वांत मोलाचा धडा मला अशा मानसेवी बाईने दिला. तुमच्या कामाला पूर्ण वेतन मिळावे, असे मी जिथे संधी मिळते तिथे बोलते आणि यापुढेही बोलत राहीन.

आज मी एका शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. वॉर्डातून कागद येतो, ‘नातेवाईक ऐकत नाहीत, डामा मागतात.’ म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी न्यायचे आहे. पूर्वीची मी असते, तर उपदेश करायला गेले असते. आता खाटेजवळ स्टूल ओढून बसते आणि घरी कोण आहे, गुरे कोणाकडे आहेत, परतीच्या गाडीला पैसे आहेत का, असे विचारते. पुष्कळदा त्यातच नकाराचे कारण सापडते. कारण सापडूनही काही माणसे जातातच, तेव्हा निदान औषधे, पुढची तारीख आणि गावच्या आशाताईंचा फोन यांची व्यवस्था लावून देते. भिली आणि पावरी बोलणारे कर्मचारी कोणत्या पाळीला असतात, याची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. ती करायची बुद्धी मला तुमच्या त्या दोन दिवसांमुळे झाली.

यंदा दोन विद्यार्थिनी तुमच्या पाड्यावर क्षेत्रकार्याला येणार आहेत. त्यांतली एक पावरी बोलते, दुसरी माझ्यासारखीच सपाटीवरची आहे. तिच्या नोंदवहीवर लक्ष ठेवा, अशी विनंती. त्या दोघींचा प्रवास आणि जेवणखर्च याची तरतूद आधीच करून घेतली आहे, त्यामुळे त्याचा भार तुम्ही घेऊ नये.

ती मुलगी आता आश्रमशाळेत आहे, असे तुम्ही मागे म्हणाला होता. काठी गावच्या होळीला मी वडिलांना घेऊन येते आहे. तिची शाळा त्या दिवसांत सुटणार असेल तर कळवा. तिच्या आईच्या अंगणात थोडा वेळ बसायची इच्छा आहे.

तुमची ऋणी,
सात वर्षांपूर्वी तुमच्या घरी महिनाभर राहून गेलेली अमळनेरकडची विद्यार्थिनी